उतारावरच्या बेणणीसाठी होंडाचा फोर-स्ट्रोक ग्रासकटर: इंजिन आडवे झाले तर ऑइलचे काय?

ग्रासकटर विकत घेताना आपल्याकडे चौकशी होते ती किमतीची, अश्वशक्तीची आणि पेट्रोल किती लागते याची. इंजिन कलले, आडवे पडले किंवा उलटे झाले तर त्यातील ऑइलचे काय होते, हा प्रश्न दुकानात सहसा कोणी विचारत नाही आणि दुकानदारही आपणहून त्याविषयी बोलत नाही. कोकणातील बागायतदाराने मात्र हाच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, असे माझे ठाम मत आहे, कारण आपल्या बागा सपाटीवर नाहीत. देवगड तालुक्यात वाघोटण खाडीकडे उतरणाऱ्या डोंगराच्या अंगावर माझी हापूसची आणि काजूची कलमे आहेत. वर उघडा कातळ, त्याखाली गडग्यांनी, म्हणजे दगडी बांधांनी, अडवलेले टप्पे आणि दोन टप्प्यांच्या मधे असा उतार, की पावसाळा संपता संपता तिथे बेणणीला, म्हणजे वाढलेले गवत आणि झुडपे कापायला, उतरलेल्या माणसालाच पाय रोवून उभे राहावे लागते. अशा जागी पेट्रोलवर चालणारे कोणतेही यंत्र कधी ना कधी कलणार, घसरणार किंवा आडवे होणार, हे गृहीत धरूनच ते निवडले पाहिजे. होंडाचा यूएमके ४३५ हा खांद्याला लावून चालवायचा फोर-स्ट्रोक ग्रासकटर मी काही हंगाम वापरत आहे आणि हे परीक्षण मुख्यतः त्याच्या या एकाच गुणाविषयी आहे. यंत्र कसेही धरले, कुठेही टेकवले, तरी ऑइल जिथे असायला हवे तिथेच राहते का, याचे माझे उत्तर 'राहते' असे आहे. मात्र ऑइल मापात घातलेले असेल तरच. या अटीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, म्हणून तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आधी साध्या फोर-स्ट्रोक इंजिनात बिघाड कसा होतो ते पाहू, म्हणजे या यंत्राचे वेगळेपण लक्षात येईल. पाण्याचा पंप, पॉवर वीडर, छोटा जनरेटर यांना जे इंजिन असते त्यात ऑइल तळाशी साठलेले असते. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, फिरताना त्याला जोडलेला छोटा दांडा ते ऑइल वर उडवतो आणि त्या शिडकाव्यावर पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि व्हॉल्व्ह यांचे वंगण होते. पिस्टनच्या वर-खाली होण्याने तळाच्या पोकळीत दाब तयार होतो. तो बाहेर पडावा म्हणून एक नळी इंजिनाच्या वरच्या भागातून निघून एअर फिल्टरच्या डब्यात येऊन मिळते. मेकॅनिक तिला ब्रीदर म्हणतात. इंजिन सरळ उभे आहे तोवर या नळीतून फक्त ऑइलची वाफ जाते. इंजिन आडवे झाले की तळाचे ऑइलच नळीच्या तोंडाशी येते, तिथून फिल्टरच्या डब्यात उतरते, फिल्टर भिजवते आणि पुढे कार्बोरेटरमध्ये शिरते. ऑइलला दुसरी वाट पिस्टनच्या रिंगांमधून मिळते. सिलिंडर खालच्या बाजूला गेला आणि यंत्र तसेच काही वेळ पडून राहिले, तर ऑइल झिरपत झिरपत पिस्टनच्या डोक्यावर, म्हणजे जिथे पेट्रोल जळते त्या जागी जाऊन साठते. नुकसानीची खरी सुरुवात इथे होते.

आमच्या शेजारच्या मळ्यात हे अगदी जवळून पाहायला मिळाले. भात कापून झाल्यावर कुळथासाठी जमीन मोकळी करण्याचे काम चालले होते आणि भाड्याने आणलेला पॉवर वीडर मेरेच्या, म्हणजे बांधाच्या, अगदी कडेने वळवला जात होता. मेरेची ओली माती ढासळली आणि यंत्र खालच्या कुणग्यात (भाताच्या वाफ्यात) जाऊन पडले. प्लग आणि फिल्टर खाली, चाके वर. चालवणाऱ्या मुलाला सुदैवाने काही झाले नाही. सर्वांत आधी पेट्रोलचा वास आला, कारण या इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये तरंगता गोळा असतो, तो फक्त सरळ स्थितीतच पेट्रोल अडवू शकतो, आणि टाकीच्या झाकणातल्या बारीक छिद्रातूनही पेट्रोल गळते. शेजारीच सायलेन्सर तापलेला असतो. त्यामुळे अशा वेळी यंत्र उचलायला धावण्यापूर्वी इंजिन बंद झाले आहे ना आणि पेट्रोलचा कॉक बंद केला आहे ना, एवढे पाहणे भाग आहे. चौघांनी मिळून वीडर सरळ केला. शेजाऱ्यांनी लगेच दोरीला हात घातला, तेव्हा गावात पंप दुरुस्त करणारा एक तरुण मेकॅनिक तिथेच उभा होता, त्याने त्यांना अडवले: "काकानू, दोरी ओढू नकात. आदी प्लग काढूया."

प्लग काढला तर तो काळ्या ऑइलने माखलेला होता. फिल्टरचे झाकण उघडल्यावर आतला स्पंज ऑइलने जड होऊन खाली बसला होता आणि डब्याच्या तळाशी ऑइलचे छोटे डबके साचले होते. त्याने स्विच बंद ठेवून, प्लगचे भोक माणसांपासून दूर आणि मोकळ्या बाजूला वळवून, दोरी सावकाश ओढली. पहिल्या ओढीला भोकातून ऑइलची चिळकांडी उडाली, दुसऱ्या ओढीला थोडे कमी आले, आणि भोकातून नुसती हवा येऊ लागेपर्यंत तो ओढत राहिला. स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून, वाळवून, त्याला चांगल्या ऑइलचे थेंब चोळून परत बसवला. डबा आणि कार्बोरेटरचे तोंड पुसून घेतले. मग यंत्र सपाट जागी ठेवून ऑइलची पट्टी पाहिली तर बरेच ऑइल निघून गेले होते. ते मापात भरले. इतके सगळे झाल्यावर इंजिन सुरू केले तेव्हा सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर निघाला, माडांच्या झावळ्यांमधून बराच वेळ तरंगत राहिला आणि हळूहळू विरळ होत थांबला.

त्या वेळी दोरी जोराने ओढली असती तर काय झाले असते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. हवा दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पुरेसे ऑइल असताना पिस्टन वर ढकलला की तो मधेच अडतो. हाताने ओढताना दोरी अडकल्यासारखी होते. तेव्हा अनेक जण इंजिन जाम झाले असे समजून आणखी जोर लावतात किंवा दोघे मिळून ओढतात. त्याने दोरीची यंत्रणा तुटू शकते, हात मुरगळतो, आणि ऑइल थोडे कमी असल्यामुळे इंजिन एखादा फेरा घेऊन सुरू झालेच, तर पिस्टनचा दांडा वाकण्याचा धोका राहतो. दांडा वाकला की इंजिन उघडणे आले आणि तो खर्च कित्येकदा जुन्या यंत्राच्या किमतीच्या घरात जातो. म्हणून असे यंत्र साफसफाईसाठी किंवा पाते बदलण्यासाठी मुद्दाम कलते करावे लागले, तर प्लग आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला राहतील अशाच रीतीने कलवावे. दोनशे सीसीच्या आसपासच्या या इंजिनांच्या पुस्तिकेत चालवताना २० अंशांपेक्षा जास्त कल देऊ नये अशी सूचना असते. आपल्या बागांतील पायवाटासुद्धा कित्येक ठिकाणी याहून उभ्या आहेत. काही इंजिनांत ऑइल कमी झाल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय असते. ती चांगलीच, पण उतारावर ऑइल एका बाजूला गेले की ती सोय ऑइल पुरेसे असतानाही इंजिन बंद पाडते आणि मग लोक वैतागून तिची वायर काढून टाकतात. असे कधीही करू नये.

या पार्श्वभूमीवर यूएमके ४३५ चे इंजिन पाहावे. ते होंडाचे जीएक्स३५ या नावाचे इंजिन आहे: ३५.८ सीसीचे, मिनिटाला ७,००० फेऱ्यांना १ किलोवॅट, म्हणजे साधारण १.३ अश्वशक्ती देणारे. आकडा लहान वाटतो, पण त्याच्या रचनेत विचार आहे. यात ऑइल तळाशी उघडे साठलेले नसते. त्याची कोठी क्रँकच्या पोकळीपासून वेगळी केलेली आहे. कोठीत फिरणारे पाते ऑइलचे बारीक धुके करते आणि पिस्टनच्या वर-खाली होण्याने जो दाब आणि जी ओढ तयार होते, तिच्या जोरावर ते धुके क्रँकपर्यंत, पिस्टनपर्यंत आणि वर व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते. धुक्याचे पुन्हा ऑइल होऊन ते कोठीत परत येते. इंजिन कोणत्याही बाजूला कलले तरी धुके तयार करणारे पाते ऑइलमध्येच राहते आणि कोठीतले ऑइल एकदम ब्रीदरच्या तोंडाशी किंवा पिस्टनखाली लोटत नाही. कंपनी या इंजिनाचे वर्णन ३६० अंशांत कुठेही वापरता येणारे असे करते आणि माझ्या बागेतील अनुभव त्याच्याशी जुळतो. ऑइलखेरीज पेट्रोलचीही तशीच सोय आहे. कार्बोरेटर पडद्याचा आहे, त्यात तरंगता गोळा नाही. आणि टाकीत लवचिक नळीच्या टोकाला वजन असलेला फिल्टर आहे, तो टाकी जिकडे कलेल तिकडे पेट्रोलबरोबर जातो. त्यामुळे यंत्र आडवे धरूनही इंजिन मधेच श्वास कोंडल्यासारखे होत नाही.

प्रत्यक्ष बेणणीत हा गुण कसा उपयोगी पडतो ते सांगतो. उतारावर काम करणारा माणूस शक्यतो आडव्या ओळीत चालतो. वरच्या अंगाचे गवत कापताना पाते उंच जाते आणि दांड्याच्या मागच्या टोकाला असलेले इंजिन खाली झुकते. खालच्या अंगाचे कापताना नेमके उलट होते. गडग्यावर चढलेले वेल आणि दगडांच्या फटीतून वर आलेली रानमोडी कापायची असेल तर पाते खांद्याच्या उंचीपर्यंत न्यावे लागते आणि इंजिन जवळजवळ उभे होऊन त्याचे तोंड बदलते. एका तासात हे असंख्य वेळा घडते. आमच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी गडी काम थांबवताना यंत्र कधी कलमाच्या बुंध्याला टेकवतो, कधी पट्ट्यासकट खालच्या फांदीला अडकवतो, कधी कातळावर सरळ आडवे टाकतो. परत उचलून दोरी ओढली की ते सुरू होते. एकदा खालच्या टप्प्यावरून घसरून ते गडग्याच्या पायथ्याशी इंजिन खाली आणि दांडा वर अशा स्थितीत अडकले होते आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत तसेच होते. काढल्यावर मी मुद्दाम फिल्टर उघडून पाहिला. स्पंजवर नेहमीपेक्षा थोडा जास्त ओलावा होता, डब्यात साचलेले काही नव्हते. सुरू करताना थोडा धूर आला आणि गेला. एवढा धूर फार वेळ उलटे राहिल्यावर येऊ शकतो, त्याने घाबरण्याचे कारण नाही. तरीही अशा पडण्यानंतर दोरी आधी हळूच ओढून पाहावी आणि अडल्यासारखी वाटली तर प्लग काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, ही सवय याही यंत्राला लागू आहे.

आता त्या अटीकडे वळतो. जीएक्स३५ मध्ये ऑइल मावते फक्त १०० मिलिलिटर. पॉवर वीडरच्या इंजिनात ६०० मिलिलिटरच्या आसपास ऑइल असते, तिथे चार चमचे इकडेतिकडे झाले तर फारसे बिघडत नाही. इथे तेवढ्याच चुकीने सगळे गणित फिरते. ऑइल जास्त झाले तर कोठीत धुक्याला मोकळी जागा उरत नाही, जास्तीचे ऑइल ब्रीदरवाटे फिल्टरमध्ये येते, प्लग काळा पडतो, धूर थांबत नाही, आणि मग मालक म्हणतो की आडवे केल्यामुळे ऑइल वर चढले. ऑइल कमी असेल तर ते त्याहून वाईट, कारण या छोट्या इंजिनात ऑइल कमी झाल्यावर ते बंद करणारी सोय नाही. ते शेवटपर्यंत चालत राहते आणि गप्पकन आवळते, म्हणजे जाम होते. ऑइलची पातळी पाहताना यंत्र सपाट जागी, इंजिन सरळ बसेल असे ठेवावे, झाकण काढावे आणि ऑइल भरण्याच्या तोंडाच्या खालच्या काठापर्यंत आले आहे ना ते पाहावे. बागेत उभ्या उभ्या, उतारावर टेकवून ही पातळी पाहू नये. इंजिन एका बाजूला झुकलेले असताना पातळी कमी दिसते, माणूस काठापर्यंत भरतो आणि सरळ केल्यावर ते प्रमाणाबाहेर झालेले असते. आमच्याकडे घराच्या पडवीतील सपाट कट्टा या कामासाठी ठरलेला आहे आणि सकाळी यंत्र बागेत नेण्यापूर्वी तिथेच ऑइल पाहिले जाते.

ऑइल कोणते घालावे याबद्दलही बाजारात बेफिकिरी आहे. पुस्तिकेत फोर-स्ट्रोकचे एसएई १०डब्ल्यू-३० या घट्टपणाचे ऑइल सांगितले आहे. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात मोटरसायकलसाठी आणलेल्या मोठ्या डब्यातून, माप न घेता, ग्रासकटरमध्ये अंदाजाने ओतून देताना मी पाहिले आहे. ओतणारा तोंडातून ऑइल बाहेर येईपर्यंत थांबत नव्हता. घट्ट ऑइलचे धुके नीट होत नाही आणि जिथे धुक्यावरच सगळे वंगण अवलंबून आहे, तिथे हा फरक किरकोळ नाही. नव्या यंत्राचे पहिले ऑइल महिन्याभरात किंवा १० तास चालल्यावर बदलायचे असते आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी किंवा ५० तासांनी, यांपैकी जे आधी होईल तेव्हा. बेणणीच्या दिवसांत, म्हणजे गणपती झाल्यापासून दिवाळीपर्यंत, ५० तास बघता बघता होतात. ऑइल काढण्यासाठी तळाशी वेगळा बोल्ट नाही. इंजिन कोमट असताना भरण्याचेच झाकण काढून यंत्र कलवायचे आणि ऑइल बाटलीत घ्यायचे. ही बाटली गॅरेजमध्ये द्यावी. आपला जांभा सच्छिद्र आहे, त्यावर ओतलेले काळे ऑइल पहिल्या पावसात खाली उतरते, आणि त्याच उताराच्या पायथ्याशी आपली विहीर असते.

टू-स्ट्रोक ग्रासकटर घेणाऱ्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे. त्यात वेगळे ऑइल साठवलेलेच नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल जळत जाते, त्यामुळे यंत्र कसेही उलटे केले तरी सांडायला आत काही नसते. शिवाय ते हलके आणि स्वस्त असते. पण तिथे ऑइलचा प्रश्न नाहीसा होत नाही, तो मिश्रणाच्या बाटलीत जाऊन बसतो. यंत्राप्रमाणे लिटरमागे २० मिलिलिटर किंवा ४० मिलिलिटर ऑइल लागते आणि कोणत्या यंत्राला किती हे रोज बदलणाऱ्या मजुरांच्या लक्षात राहत नाही. घाईत साधे पेट्रोल भरले गेले तर इंजिन थोड्याच वेळात आवळते. जास्त ऑइल पडले तर सायलेन्सर काजळीने भरतो. ज्यांच्याकडे यंत्र एकाच जाणत्या माणसाच्या हातात असते त्यांनी टू-स्ट्रोक जरूर घ्यावा. ज्यांच्याकडे ते तीन हातांतून फिरते, त्यांना पेट्रोल पंपावरचे पेट्रोल थेट भरता येणारे फोर-स्ट्रोक इंजिन सुरक्षित, असे मला वाटते. आवाज आणि धूर कमी असणे हाही मोठा फायदा आहे. दिवसभर ते खांद्याला लावून फिरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तर फारच.

उलटण्याचा हा प्रश्न केवळ छोट्या आणि स्वस्त यंत्रांचा आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती खरी नाही. गुलमर्गला गेलेल्यांनी बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइल पाहिल्या असतील. यामाहाने २००३ च्या मॉडेल वर्षात आरएक्स-१ ही फोर-स्ट्रोक स्नोमोबाइल आणली, तिचे इंजिन त्यांच्या आर-१ या वेगवान मोटरसायकलच्या इंजिनावर बेतलेले होते आणि ऑइल वेगळ्या टाकीत ठेवलेले होते. अशी गाडी खोल भुसभुशीत बर्फात कुशीवर पडली आणि तशीच राहिली की टाकीतले ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात उतरते; म्हणजे आमच्या शेजाऱ्यांच्या वीडरचेच दुखणे, फक्त बर्फात. तिथले जाणकार चालक जे उपाय करतात ते आपल्यालाही लागू पडण्यासारखे आहेत. गाडी कलंडली की आधी इंजिन बंद करायचे, शक्य तितक्या लवकर ती सरळ करायची, आणि सुरू करण्यापूर्वी फिल्टरचा डबा उघडून पाहायचा. टाकी खुणेच्या वर भरायची नाही, आणि वेगळ्या टाकीच्या इंजिनात पातळी इंजिन चालवून गरम झाल्यावरच पाहायची, कारण थंड असताना ती खोटी दिसते व माणूस उगाच जास्त भरतो. काही जण ब्रीदरची नळी उंचावरून फिरवून आणतात, तिच्यात एकाच दिशेने वाट देणारा व्हॉल्व्ह बसवतात किंवा वाटेत ऑइल साठवणारा छोटा डबा लावतात. मालवण-तारकर्लीला भाड्याने मिळणाऱ्या वॉटर स्कूटरवरही मागच्या बाजूला, उलटल्यास ती कोणत्या दिशेने फिरवून सरळ करावी याची सूचना चिकटवलेली असते, ती याच जातीच्या काळजीपोटी. पॉवर वीडर किंवा पंपाच्या ब्रीदरवर असे व्हॉल्व्ह घरगुती पद्धतीने बसवण्याचा सल्ला मी देणार नाही. व्हॉल्व्ह उलटा बसला किंवा चिखलाने बंद झाला तर आतला दाब ऑइल सील फोडून बाहेर येतो, आणि मग सरळ उभ्या यंत्रातूनही ऑइल गळू लागते.

यूएमके ४३५ च्या मर्यादाही सांगायला हव्यात. वजन साडेसात किलोच्या आसपास आहे. उतारावर पट्टा नीट लावला नाही तर हे वजन कमरेवर येते, म्हणून दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टाच वापरावा आणि तो चालवणाऱ्याच्या उंचीप्रमाणे बांधून घ्यावा. किंमत बाजारातील साध्या टू-स्ट्रोकपेक्षा बरीच जास्त आहे. फोर-स्ट्रोक असल्यामुळे व्हॉल्व्हचे अंतर ठरावीक काळाने तपासावे लागते आणि ते काम गावातल्या प्रत्येक मेकॅनिकला येते असे नाही. जुन्या, अंगठ्याएवढ्या जाड झालेल्या रानमोडीसाठी आणि झुडपांसाठी हे इंजिन पुरते, पण घाई केल्यास ते दमते. तिथे कोयताच बरा. गवतासाठी ते भरपूर आहे. कातळाच्या आसपास नायलॉनची दोरी लावावी, धातूचे पाते जांभ्यावर आपटले की ठिणगी आणि दगडाचा तुकडा दोन्ही उडतात, आणि सुकलेल्या गवतात ठिणगी म्हणजे वणव्याला आमंत्रण. डोळ्यांवर गॉगल आणि पायांत बूट नसलेल्या माणसाच्या हातात मी हे यंत्र देत नाही.

खाडीच्या खाऱ्या हवेचा परिणाम ऑइलवर नव्हे, तर झाकणांवर आणि स्क्रूंवर होतो. ऑइलच्या झाकणाची रबरी कडी कडक झाली किंवा चिरली तर यंत्र आडवे असताना ऑइल तिथून पाझरते, आणि चाळीस-पन्नास तासांच्या कामात त्यातले किती गेले हे कळतही नाही. ही कडी अगदी स्वस्त मिळते. ऑइल बदलताना तिच्यावरून बोट फिरवून पाहावे, खरखरीत लागली तर नवी घालावी. एअर फिल्टरचा स्पंज दर २५ तासांनी धुवावा, आणि तो पुन्हा पुन्हा ऑइलने भिजलेला आढळला तर यंत्राला दोष देण्यापूर्वी ऑइलचे माप तपासावे.

माझ्या दृष्टीने हे यंत्र चढउताराच्या बागेसाठी योग्य आहे. आंबा-काजूच्या कलमांत, गडग्यांच्या कडेने, पायवाटांच्या दोन्ही बाजूंना दरवर्षी बेणणी करावी लागते अशा बागायतदाराला ते चांगली साथ देते. ज्याची जमीन सपाट आणि थोडी आहे, त्याने एवढे पैसे घालण्याची गरज नाही. शेतीची नांगरणी-चिखलणी याच यंत्राला निरनिराळी अवजारे जोडून करता येईल अशी जाहिरात कोणी करत असेल, तर तिच्यावर विसंबून पॉवर वीडरचा विचार सोडू नये; दोन्ही कामे वेगळी आहेत. खरेदी करताना इंजिनावर जीएक्स३५ असे नाव कोरलेले आहे ना ते स्वतः पाहावे, कारण दिसायला सारखी, फोर-स्ट्रोक म्हणून विकली जाणारी पण सगळ्या बाजूंना कलवता न येणारी इंजिनेही बाजारात आहेत. तशा इंजिनाच्या पुस्तिकेत कलाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचायला मागावी. पहिले ऑइल आपल्यासमोर, यंत्र टेबलावर सरळ ठेवून, १०० मिलिलिटरच्या मापाने भरून घ्यावे. मापी नाही असे उत्तर आले तर औषधाच्या दुकानातून मापाची छोटी बाटली आणावी, आणि तरीही दुकानदार अंदाजानेच ओतायला लागला तर यंत्र त्याच्याकडून घेऊ नये.